नापास भाजी

२ मार्च, सोमवार

रोजनिशी लिहायची मला सवय नाही. अठ्ठावीस वर्षं मी लिहिलं ते एवढंच: माल आला, माल पाहिला, माल घेतला किंवा माल परत. आज सकाळी साडेपाचला उठलो, दाढी केली, बूट घातले आणि मग आठवलं की जायचं कुठेच नाही. लगेच बूट काढायची लाज वाटली म्हणून तसाच बसून राहिलो. हिने चहा ठेवला आणि बुटांकडे एकदा पाहिलं. मग ही वही काढली. डेपोतली आहे. कोरी होती, शुक्रवारी निरोपाच्या दिवशी उचलून आणली. अठ्ठावीस वर्षांत तिथून उचललेली ही पहिली वस्तू.

काय झालं ते एकदा लिहून टाकतो. आमचा डेपो भाजीचा. आसपासच्या मळ्यांतून माल येतो आणि तिथून मोठ्या दुकानांत जातो. मधे मी. काकडी वाकडी आहे का, टोमॅटोला डाग आहे का, गाजराला दोन पाय फुटलेत का हे बघायचं आणि नापास मालाच्या पावतीवर शिक्का मारायचा, ‘परत’. आता मालाच्या सरकत्या पट्ट्यावर कॅमेरा बसवलाय. मी तासाभरात बघायचो तेवढ्या काकड्या तो मिनिटात बघतो. नव्या साहेबांनी छान भाषण केलं. म्हणाले, तुमचा डोळा म्हणजे सोनं. सोनं कपाटात ठेवतात, तसं मला घरी ठेवलंय.

५ मार्च, गुरुवार

दिवसाउजेडी घरी असलं की घरातल्या गोष्टी दिसायला लागतात. नळ गळतो. खिडकीची कडी बसत नाही. आणि गुरुवारी ही मैत्रिणीकडे जाते. कित्येक वर्षं जाते हे माहीत होतं, पण निघताना पाहिलं आज पहिल्यांदा. दोन मोठ्या रिकाम्या पिशव्या आणि पायात जुने बूट.

म्हटलं, “मैत्रिणीकडे जाताना जुने बूट?”

“तिच्याकडे अंगण ओलं असतं,” म्हणाली.

दुपारी आली ती भरल्या पिशव्या घेऊन. येता येता कोपऱ्यावरच्या दुकानातून भाजी घेतली असणार. संध्याकाळी गाजराचं सूप होतं. आमच्या घरी पद्धत आहे, पहिला घास मी घेतो आणि मत देतो. मग ती जेवायला लागते. म्हटलं, “दुकान छोटं असलं तरी माल पास आहे. आमच्या डेपोतूनच येत असणार.”

“असेल,” ती म्हणाली.

९ मार्च, सोमवार

ठरलं. गच्चीवर काकडी लावायची. डेपोतल्या मोडक्या क्रेट्स एक जण टाकून देणार होता, चौदा मिळाल्या. आतून गोणपाट लावलं. शेजारी इमारतीचं काम चाललंय, तिथली माती विचारून आणली. बी रोपवाटिकेतून. पाकिटावर काकडीचं चित्र आहे, फूटपट्टीसारखी सरळ. एवढी वर्षं लोकांच्या काकड्या पाहिल्या. आता पास होणारी काकडी कशी वाढवतात तेही दाखवून देतो.

हिने विचारलं, “पाणी वर कोण नेणार?”

“मी.”

“बरं.”

तिच्या ‘बरं’चे चार-पाच प्रकार आहेत. हा कुठला ते कळलं नाही.

२४ मार्च, मंगळवार

उगवल्या, पण अशक्त. दोन पानांवर येऊन थांबल्यात, पिवळ्या पडल्यात. रोपवाटिकेतल्या माणसाला मूठभर माती नेऊन दाखवली. त्याने ती बोटांत चोळली आणि हसला. “काका, ही माती कुठे, ही तर भिंत आहे. चुना आहे सगळा. शेणखत घाला. पुलापलीकडे मळा आहे, तिथे जुनं मुरलेलं मिळेल.”

जेवताना हिला म्हटलं, उद्या पुलापलीकडे जाऊन येतो. तिचा हात थांबला.

“तिकडे कशाला? लांब आहे. रस्ता खराब आहे.”

“बस जाते की.”

“वेळेवर नसते. शिवाय तुमची कंबर. मी आणते गुरुवारी. माझ्या मैत्रिणीकडे असतं खत.”

तिला माझ्या कंबरेची एवढी काळजी आहे हे ऐकून बरं वाटलं. का कोण जाणे, मला वाटतं तिला थोडी लाजही वाटत असावी. नोकरी गेलेला नवरा बादली घेऊन बसमधून फिरतोय, हे चार लोकांनी बघू नये असं.

२६ मार्च, गुरुवार

आणलं. दोन पिशव्या भरून, काळंभोर, हाताला भुसभुशीत, वास नाही. इतकं उत्तम खत मैत्रिणीकडे कसं, म्हटलं, तर “गाय आहे तिच्याकडे” एवढंच. शहरात राहून गाय पाळणारी ही बाई एकदा बघायला हवी.

१० एप्रिल, शुक्रवार

वेल चढले! मी सुतळी बांधलीये आणि ती सुतळी धरलेला रोज एक नवा हात दिसतो. हे लिहिताना मलाच हसू येतंय. काकडीला हात असतात हे डेपोत मला माहीत नव्हतं. तिथे काकडी एकटी यायची.

२१ एप्रिल, मंगळवार

वाईट आठवडा. फुलं येतात आणि गळतात. एकाही फुलाची काकडी झाली नाही. आणि शनिवारपासून पानांवर पांढरी पावडर, कुणी पीठ चाळल्यासारखी. रोपवाटिकेतला म्हणाला, भुरी आहे, औषध मारा, आणि एक बाटली पुढे केली. बाटलीवर कवटीचं चित्र. जी काकडी मी खाणार तिच्यावर कवटी कशाला? म्हणून हिला न सांगता पुलापलीकडे जाऊन आलो. एक रोगट पान कागदात गुंडाळून हिच्या गुरुवारच्या पिशवीत घातलं होतं.

बसथांब्यापासून दहा मिनिटं चालायचं. तारेचं फाटक, पत्र्याची शेड, पाण्याचा पंप, आणि मागे उतारावर वाफे. एक कुत्रा चोर आल्यासारखा अंगावर आला, पण पिशवी हुंगली आणि शेपूट हलवायला लागला. कुत्र्यांना मी आवडतो हे मला माहीत नव्हतं.

मळेवाली साठीच्या पुढची, आवाज मोठा, हात खडबडीत. पान बघून म्हणाली, “ही भुरी. घाबरू नका. खालची पानं काढा, हवा खेळू द्या. एक भाग दुधात नऊ भाग पाणी घालून सकाळी फवारा.” फुलांचं सांगितल्यावर मोठ्याने हसली. “पहिली सगळी नरफुलं असतात, ती गळणारच. मादीच्या फुलामागे बोटाएवढी काकडी असते, बघा. आणि गच्चीवर मधमाशी कुठली येणार? ब्रश घ्या, या फुलातलं त्या फुलात लावा. मधमाशी व्हा दोन आठवडे.”

मग वेलीवरची एक काकडी तोडली, पदराला पुसली आणि दिली. वाकडी होती. एका टोकाला जाड, मधे डाग. हातात घेतल्याबरोबर अंगठा सवयीने वाकाच्या आत गेला, मापाला. मग खाल्ली. लिहायला संकोच वाटतो, पण फाटकाशी उभा राहून सगळी खाल्ली. चव ओळखीची वाटली, अगदी आमच्या घरच्या जेवणातल्यासारखी. म्हणजे आपला कोपऱ्यावरचा दुकानदारही काही कमी नाही.

विचारलं, “माल कुठे देता?”

“पूर्वी डेपोला द्यायचो. बारा वर्षं झाली, सोडलं. आता ज्याला पाहिजे तो इथे येऊन नेतो.” मग पिशवीकडे बघत राहिली. “ही पिशवी मी कुठेतरी पाहिलीये.”

म्हटलं, अशा पिशव्या सगळ्यांकडे असतात. मी डेपोत होतो हे बोललो नाही. का नाही बोललो ते मला सांगता येईल, पण लिहिणार नाही.

३० एप्रिल, गुरुवार

आज जे झालं ते लिहायलाच हवं.

ही मैत्रिणीकडे जायच्या आत मीच निघालो. दुधाने भुरी थांबली होती, नऊ काकड्या धरल्या होत्या, ते मळेवालीला सांगायचं होतं. आज शेडच्या सावलीत बाजेवर तिचा नवरा बसलेला होता. डोळ्यांत मोतीबिंदू आलेला, बहुतेक काहीच दिसत नसावं. शेंगांचा ढीग पुढ्यात, बोटांनीच सोलत होता.

“कोण आहे?”

“मी पुलाअलीकडचा. माझ्या वेलींना भुरी झाली होती, बाईंनी उपाय सांगितला, तो...”

त्याची बोटं थांबली. “परत बोला.”

“काय?”

“परत. हा एक शब्द बोला तुम्ही.”

मला काही समजेना. मी म्हटलं, “परत.”

म्हाताऱ्याने मान शेडकडे वळवली आणि हाक मारली, “अगं, परतराव आलेत आपल्याकडे. खुर्ची दे त्यांना.”

मळेवाली बाहेर आली. तिच्या हातात दोन कप होते, कुणाची तरी वाट बघत असल्यासारखे. म्हाताराच बोलला. आवाज चढवून नाही. “सगळे मळेवाले यांना परतराव म्हणायचे. नाव कुणाला माहीत होतं? चाळीस क्रेट घेऊन गेलो होतो मी. बेचाळीस दिवसांची मेहनत. यांनी पहिल्या क्रेटमधली वरची काकडी उचलली, मापाच्या पाटीवर ठेवली, म्हणाले, परत. मी म्हटलं, साहेब, एक खाऊन तरी बघा. हे म्हणाले, पुढची गाडी.”

मी म्हणालो, नियम होता. हे मी खरंच म्हणालो.

“होता,” म्हातारा म्हणाला. “नियमाचं मी काही म्हणतच नाही. खाऊन बघा म्हटलं होतं, तेवढंच.”

तेवढ्यात फाटक वाजलं. कुत्रा भुंकला नाही, उलट नाचत गेला. वळून पाहिलं तर ही. जुने बूट, दोन पिशव्या. मला बघून जागच्या जागी उभी राहिली आणि तिच्या तोंडून निघालं, “अहो, तुम्ही इथे?”

एकदा ‘अहो’ निघाल्यावर पुढे सांगायचं काय राहतं?

मळेवालीने दोन्ही कप ओट्यावर ठेवले, अगदी सावकाश. “ताई, हे तुमचे मालक?” हिने रिकाम्या पिशव्या छातीशी धरल्या. “बारा वर्षं दर गुरुवारी या ओट्यावर बसून माझ्याबरोबर शेंगा सोलल्यात तुम्ही. मी आजारी होते तेव्हा माझे पाय दाबलेत. आणि हे सांगितलं नाहीत.”

“मावशी, मी...”

“आज भाजी नाही,” मळेवाली म्हणाली आणि आत गेली. वाफे समोर भरलेले होते.

बस रिकामी होती तरी आम्ही दोन वेगवेगळ्या बाकांवर बसलो. तिच्या मांडीवर दोन रिकाम्या पिशव्या, घडी घातलेल्या.

१ मे, शुक्रवार

सकाळी तिने आपणहून सांगितलं, भांडी घासता घासता, माझ्याकडे पाठ करून.

“त्या दिवशी मी तुमचा डबा द्यायला डेपोवर आले होते. फाटकाबाहेर एक माणूस येणाऱ्या-जाणाऱ्याला काकड्या वाटत होता. फुकट. कुणी घेतल्या, कुणी नाही. मला दोन दिल्या. म्हणाला, आत चालत नाहीत, तुम्ही तरी खा. बसमध्ये एक खाल्ली. पुढच्या गुरुवारी विचारत विचारत मळ्यावर गेले.”

“मग सांगायचं ना त्यांना, कोणाची कोण ते.”

“पहिल्या दिवशी राहून गेलं. दुसऱ्या खेपेला लाज वाटली. आणि मग इतके गुरुवार झाले की सांगायला जागाच उरली नाही.”

“आणि मला?”

तिने नळ बंद केला. “तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही त्या भाजीला हात लावला नसता.”

मी म्हटलं, “लावला असता.”

“बरं,” ती म्हणाली.

हा ‘बरं’ मात्र समजला. या वहीत खोटं लिहून काय उपयोग? नसता लावला. म्हणजे गेली बारा वर्षं मी रोज रात्री नापास माल पास करत होतो, तोही तोंड भरून. एक प्रश्न मात्र सुटत नाही. जेवताना माझं मत होईपर्यंत ती घास घ्यायची नाही, ते मला मान दिल्यासारखं वाटायचं. मग ती थांबायची ती कशासाठी?

४ मे, सोमवार

माळ्यावरून माझ्या खाजगी नोंदवह्या काढल्या. तारीख शोधायला दोन तास लागले. सापडली. ‘क्र. १७. काकडी. ४० क्रेट. वाक जास्त. परत.’ वर-खाली धरून त्या दिवशी एकतीस गाड्या. म्हाताऱ्याचा तेव्हाचा चेहरा आठवायचा खूप प्रयत्न केला. आठवला नाही. त्या दिवशीचं मला एवढंच आठवतं की डबा उशिरा आला होता आणि मी हिच्यावर चिडलो होतो.

९ मे, शनिवार

या गुरुवारी ती गेली नाही. भाजी कोपऱ्यावरच्या दुकानातून आली, खरोखरची. आमच्या डेपोच्या शिक्क्याची. टोमॅटो असे की एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं. मी पहिला घास घेतला, मत द्यायला तोंड उघडलं आणि मत सापडेना. चांगलं नव्हतं आणि वाईटही नव्हतं, काहीच नव्हतं. मी म्हटलं, “तू जेव.” ती जेवली. फार नाही.

घरात कुणी आजारी असल्यासारखं वाटतंय. ती कपडे वाळत घालते, इस्त्री करते, विचारलं तर उत्तर देते. पण चार-पाच प्रकारचे ‘बरं’ होते त्यातला एकच उरलाय.

१२ मे, मंगळवार

नव्या साहेबांचा फोन. कॅमेरा फसतोय म्हणे. सरळ, चकचकीत, आतून पोकळ काकड्यांचा एक मोठा लॉट त्याने पास केला आणि दुकानांतून तक्रारी आल्या. मी दोन-तीन महिने यावं आणि त्याला शिकवावं. स्वतंत्र टेबल, स्वतंत्र पंखा, दारावर पाटी. जूनच्या मध्यापर्यंत कळवा म्हणाले.

दोन महिन्यांपूर्वी हा फोन आला असता तर मी बूट घालूनच तो उचलला असता. आज म्हटलं, कळवतो. हिला सांगितलं. “तुमच्या मनाचं करा,” म्हणाली. असं ती कधी म्हणत नाही. आमच्या घरात माझ्या मनाचं असतंच, ते म्हणावं लागत नाही.

१५ मे, शुक्रवार

पहिली तोडणी. सात काकड्या. त्यांतल्या पाच वाकड्या, एकीची कंबर बारीक, आणि एक तर अशी वळली होती की ठेवली तर डोलायची. सरळ एकही नाही. चौदा क्रेट, सव्वादोन महिने, दूध, ब्रश, रोज वीस बादल्या पाणी. मी सगळ्या ओट्यावर रांगेत मांडल्या आणि बघत राहिलो. कुठल्याच नजरेने मला त्या नापास करता येईनात. ही मागे येऊन उभी राहिली. तिने ती डोलणारी उचलली, हाताने चाचपली आणि म्हणाली, “छान वाढलीये.”

चिरणार होती. मी म्हटलं, थांब. या आधी दुसरीकडे दाखवायच्या आहेत.

१९ मे, मंगळवार

गेलो. एकटाच. फाटकाशी कुत्र्याने पिशवी हुंगली आणि या वेळी मलाही. मळेवाली वाफ्यात होती. मला पाहून तिने विळा खाली ठेवला नाही, उचललाही नाही. मी सरळ बाजेपाशी गेलो आणि सात काकड्या म्हाताऱ्याच्या समोर मांडल्या.

म्हटलं, “माल आणलाय. तपासा.”

त्याने हातातली शेंग खाली ठेवली. “कुणाचा माल?”

“माझा. गच्चीवरचा.”

“पंचांग बघून आणलाय की सहज?”

“सहज नाही,” मी म्हटलं.

त्याने पहिली उचलली. मी तीन-चार सेकंदांत जे करायचो त्याला म्हातारा पाच-सात मिनिटं लावत होता. अंगठ्याने पाठीवरून फिरवली, देठ दाबला, नाकाशी नेली, मग मोडली. मोडताना कानाशी धरली, आवाजासाठी. चावली. चघळली. थुंकली.

“कडू.”

दुसरी. “कडू. पाणी कधी जास्त, कधी कमी पडलंय. दुपारी तहानलेली राहिलीये ही.” तिसरी, चौथी. मी उभाच होतो. घाम पाठीवरून खाली उतरत होता. सातपैकी सहा कडू निघाल्या. शेवटची ती डोलणारी. ती त्याने सगळी खाल्ली, देठापर्यंत, आणि तोंड पुसलं.

“ही चांगली आहे.” मग हात पसरून बाकीच्या अर्ध्या-मोडक्या सहा काकड्या माझ्याकडे सरकवल्या. “आणि या परत.”

तो शब्द त्याने इतक्या चवीने उच्चारला की वाफ्यातून मळेवाली हसली. तिला हसू आवरेना. म्हातारासुद्धा हसला, तोंडात चार दात होते. आणि मी काय केलं, तर खाली बसलो आणि रडलो. पंचावन्न ओलांडलेला माणूस, चिखलात, सहा काकड्या मांडीवर घेऊन. म्हाताऱ्याने फक्त शेंगांचं सूप माझ्याकडे ढकललं आणि म्हणाला, “सोला. हात रिकामे ठेवू नका.”

(सूप म्हणजे पाखडायचं. प्यायचं नव्हे. मी सोलल्या.)

निघताना मळेवाली फाटकापर्यंत आली. “ताई बऱ्या आहेत?”

“नाहीत.”

“परवा गुरुवार आहे,” म्हणाली आणि कुत्र्याला ओरडत आत गेली.

२१ मे, गुरुवार

निरोप परवाच सांगितला होता. हिने ऐकून घेतला. आज सकाळी जुने बूट दाराशी काढून ठेवलेले दिसले. मी गच्चीवरून बस जाताना पाहिली. एरवी दुपारी येते, आज दिवस मावळताना आली. डोळे सुजलेले, पिशव्या इतक्या भरलेल्या की बंद होईनात.

“काय बोललात दोघी?”

“शेंगा सोलल्या.”

“दिवसभर?”

“पुष्कळ होत्या.”

बायका दिवसभर शेंगा सोलून एवढ्या मोठ्या गोष्टी कशा मिटवतात हे मला समजत नाही. जेवायला बसलो. मी घास हातात घेऊन थांबलो. म्हटलं, आधी तू. तिने माझ्याकडे पाहिलं, जरा विचित्रच, आणि जेवायला लागली. मत दिलं नाही. मीही विचारलं नाही.

२ जून, मंगळवार

आता आठवड्यातून तीन दिवस मळ्यावर जातो. लोक भाजी न्यायला तिथेच येतात. त्यांना हात लावून, दाबून, उलटसुलट करून बघायची सवय, आणि अर्धा माल तसाच मऊ पडतो. मी तीन क्रेट ठेवल्या: आज खायची, उद्या खायची, परवा खायची. एवढंच मला येतं, पण हे मला चांगलं येतं. टोमॅटोकडे बघून तो कधी पिकणार ते मी तासाच्या हिशेबात सांगू शकतो. डेपोत हे कुणी विचारलंच नाही. तिथे ‘हो का नाही’ विचारायचे, ‘कधी’ असं नाही. आज एक म्हातारी तिसऱ्या क्रेटमधला टोमॅटो घेऊन म्हणाली, “परवा माझी नात येणार आहे, तेव्हा हा होईल ना?” म्हटलं, “दुपारी चारनंतर.”

म्हातारा अजून मला परतरावच म्हणतो. आलेल्या लोकांनाही तसंच सांगतो. आता ते खरं नाव समजूनच मला हाक मारतात.

११ जून, गुरुवार

आज आम्ही दोघंही गेलो, एकाच बाकावर बसून.

बियांसाठी काकडी राखायची होती. एखादी चांगली काकडी वेलीवरच ठेवतात, पिवळी, जाडजूड होऊ देतात, मग तिचं बी काढतात. हे काम बेचाळीस वर्षं म्हाताऱ्याने केलं. यंदा त्याने मला हाक मारली. “मला आता दिसत नाही. तुम्ही निवडा.”

मी वाफ्यात उतरलो आणि चार सेकंदांत निवडली. सरळ, हिरवी, एकसारखी. त्याला हात लावून दाखवली.

“दिसायला चांगली असेल,” तो म्हणाला. “पण चवीला कशी ते कसं ठरवलंत?”

“खाल्ल्याशिवाय कसं कळणार? आणि खाल्ली तर बी कुठून येणार?”

“तिची बहीण खा.”

मला उशिरा उमगलं. ज्या वेलीची काकडी राखायची त्याच वेलीची दुसरी तोडून चाखायची. बावीस वेल होते. बावीस काकड्या. प्रत्येकीचा एक घास, मग पाणी, मग पुढची. मला वाटलं होतं सगळ्या सारख्याच लागतील. चौथ्या वेलीला किंचित कडवट शेवट होता. नववी पाणचट. तेराव्या वेलीपाशी जीभ थकली, म्हाताऱ्याने पावाचा तुकडा खायला सांगितला. ओट्यावरून ही आणि मळेवाली बघत होत्या आणि आपसांत काहीतरी बोलून हसत होत्या; माझ्याबद्दलच असणार. सगळं व्हायला सकाळ गेली. सतरावी सगळ्यांत चांगली. मी परत एकदा पाचवीवर गेलो, अकरावीवर गेलो, आणि सतराव्या वेलीवर येऊन थांबलो.

तिच्यावर राखण्याजोगी एकच काकडी होती, पानाखाली, जमिनीला टेकून वाकलेली. म्हाताऱ्याने आपल्या जुन्या सदऱ्याची चिंधी फाडून दिली. मी ती देठाला बांधली, घट्ट नाही, सैल नाही, तो सांगेल तशी.

“बरोबर निवडली का मी?” मी विचारलं.

“आता कसं सांगू? पुढच्या हंगामात बी लावू, वेल येतील, फळ धरेल, मग खाऊन बघू. वर्ष आहे अजून.”

१३ जून, शनिवार

सकाळी नव्या साहेबांना फोन केला आणि नाही म्हणून सांगितलं. त्यांना खरं वाटेना.

“टेबलाचं कमी वाटतंय का? आणखी काही हवं असेल तर बोला.”

“नाही, तसं काही नाही. वेळ नाही.”

“दुसरीकडे लागलात का कुठे?”

“हो.”

“वा! काय काम आहे?”

आता यांना काय सांगावं? खरं तेच सांगितलं. “एका काकडीवर लक्ष ठेवायचंय.”

मग त्यांनी हळू आवाजात, आजारी माणसाशी बोलतात तसं विचारलं, “घरी कुणी आहे का जवळ?”

“आहे,” मी म्हटलं आणि हिच्याकडे फोन दिला. ती पिठाचे हात पुसत आली, ऐकून घेतलं आणि म्हणाली, “हो, हो, खरं आहे ते. एकच नाही हो, बावीस वेल आहेत. पण हे लक्ष ठेवतात ते एकीवर.”

फोन ठेवून ती इतकी हसली की तिला भिंतीचा आधार घ्यावा लागला. मग म्हणाली, “चला, आवरा. बस चुकेल.”